घरासाठी डेस्कटॉप आणि लॅपटॉप, ४५ हजारांत: मे ते ऑक्टोबर २०२५

११ मे, रविवार

बारावीचा निकाल लागला. मोठीला बीएस्सी आयटी करायचं आहे, म्हणजे तिला रत्नागिरीला ठेवणं आलं आणि लॅपटॉपही आला. घरचा पीसी २०१३ चा. आज सुरू व्हायला त्याने साडेसहा मिनिटं घेतली, घड्याळ लावून मोजली. होमस्टेच्या दोन खोल्यांची बुकिंगं, काजू-कोकमाची बिलं, धाकट्याचा अभ्यास, सगळा भार त्याच्यावरच. घरात बसून ठरलं: दोन्ही मिळून ४५ हजार, वर एक रुपया नाही.

आम्ही सिंधुदुर्गात, आचऱ्याजवळ राहतो. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि कॉम्प्युटरचं बरं दुकान कणकवलीला. आमच्यासारख्याच ठिकाणी राहून कोणी हा उद्योग करणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतो आहे.

हिचं म्हणणं, दोन्ही लॅपटॉपच घेऊ, पाहुण्यांसमोर नेता येतो. माझं म्हणणं, लॅपटॉपचा कीबोर्ड गेला तर कणकवलीच्या खेपा, डेस्कटॉपचा गेला तर चारशे रुपयांत नवा. शिवाय पन्नाशीनंतर डोळ्यांना मोठा पडदा लागतो. माझं चाललं. एकदाचं.

१३ मे

कणकवलीत तीन दुकानं पालथी घातली.

पहिल्यात ‘नवा, कंपनी वॉरंटी’ म्हणून २४ हजारांचा लॅपटॉप दाखवला. सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली, १२८ जीबी ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू चालणारी साठवण. दोन कोरचा प्रोसेसर, म्हणजे काम करणारे हात दोनच. ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडून बघतो म्हटलं, चौथ्यालाच धाप लागली. नवा आहे एवढाच त्याचा गुण.

दुसऱ्यात ३४ हजारांचा, रायझन ३ ७३२०यू. सात हजारांतला नंबर बघून ताजा माल वाटतो. पण एएमडीच्या या मालिकेत तिसरा आकडा बघायचा. तिथे २ असेल तर आतलं डोकं झेन २, म्हणजे २०१९ चं. रॅमही बोर्डावर पक्की, ८ जीबी घेतली की जन्मभर ८ जीबी.

तिसऱ्यात आय३-१२१५यू, ३८ हजार. हा खरोखर चांगला, सहा कोरचा. पण मग डेस्कटॉपला सात हजार उरतात.

म्हणजे जुनंच घ्यायचं. मोठ्या कंपन्या काही वर्षं वापरून परत करतात ती ऑफिसची मशिनं. रात्री बसून त्यांचे नंबर पाठ केले. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपतो आणि विंडोज ११ ला इंटेल घ्यायचा तर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे नंबर ८, ९ किंवा १०, ११, १२ असा सुरू झाला पाहिजे. नुसतं ‘आय५ आहे’ याला काही अर्थ नाही: लॅपटॉपमधला आय५-७२००यू दोन कोरचा, आय५-८२५०यू चार कोरचा. आय७-७५००यू सुद्धा दोनच कोरचा, पण आय७ म्हणून भाव जास्त. डेस्कटॉपमध्ये आय५-७५०० चार कोरचा, ८५०० सहा कोरचा.

१७ मे

डेस्कटॉप ऑनलाइन मागवला. ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, विंडोज ११ सकट’, ९,५०० रुपये. स्वस्तात मिळाला म्हणून दिवसभर शीळ घालत होतो.

२४ मे

पार्सल आलं. सुरू केला, वेग छान. मग सेटिंगमध्ये प्रोसेसर बघितला: आय५-६५००. सहावी पिढी. विंडोज ११ नियम डावलून बसवलेलं. चालतं, पण पुढचं मोठं अपडेट सरळ बसेल याची खात्री नाही. एसएसडीवर कंपनीचं नावच नाही.

विकणाऱ्याने पिढी लिहिली नव्हती हे खरं, पण मी विचारलीही नव्हती. १३ तारखेला स्वतःच्या हाताने लिहिलेलं १७ ला विसरलो. स्वस्त दिसलं की डोळे मिटतात ते असे.

२५ मे

मान्सून आज देवगडात पोचला म्हणतात, एवढ्या लवकर आल्याचं आठवत नाही. आमच्याकडे सकाळपासून धो धो. पीसी परत पाठवायचं ठरलं. त्याचा खोका हिने काजूबिया ठेवायला नेला होता, तो रिकामा करून घेतला.

२ जून

पैसे परत आले. परतीचं कुरियर आमच्या खिशातून: ७८० रुपये. सोळा दिवस गेले. पार्सलला आत-बाहेर दोन प्लास्टिकं गुंडाळली होती, नाहीतर भिजून पोचलं असतं आणि पैसेही गेले असते.

१० जून

हिला अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं, मला कोल्हापुरात मशीन बघायचं होतं. एसटीने फोंडाघाटातून गेलो. भाडं देवीच्या खात्यात टाकलं, या हिशोबात धरलेलं नाही.

असा माल घाऊक घेऊन विकणाऱ्या एका दुकानात पाऊण तास बसलो. मालक वैतागला, पण बसू दिलं. काय काय बघितलं ते सविस्तर लिहितो, कारण दुकानात प्रत्यक्ष बसून घेतलेली ही पाऊणतासाची चाचणी त्या सोळा दिवसांपेक्षा स्वस्त पडली.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेलो. पासवर्ड मागत नाही ना, प्रोसेसर आणि रॅम काय दाखवतो, टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) चालू आहे का. पासवर्ड असलेलं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नये. मग विंडोज इंटरनेट जोडून रीसेट करायला लावलं. हे महत्त्वाचं. जुन्या मालकाच्या कंपनीने मशीन स्वतःच्या यादीतून काढलं नसेल तर नेट लागताच तिचं नाव येतं आणि तिचा लॉगिन मागतं. नेटशिवाय बघितलं तर हे कळतच नाही. पहिल्या मशीनला तसंच झालं, मालकाने न बोलता दुसरं काढलं.

त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एसएसडी: ९४ टक्के शाबूत, नऊ हजार तास चाललेली. चालेल. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावून बघितला, पुढचा एक ढिला निघाला. झाकण उघडून टॉर्च मारला. धूळ होती, गंज नव्हता. कोल्हापूरचा माल आमच्यापेक्षा कोरड्या हवेतला, हा एक फायदा.

घेतला: आय५-८५००, १६ जीबी, २५६ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), छोटं कॅबिनेट, सहा महिने वॉरंटी. १३,५००. विंडोजचं लायसन्स बोर्डातच, वेगळं विकत घ्यावं लागलं नाही. या ऑफिसच्या मशिनांचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, बाजारातल्या साध्यासारखा नसतो, आकार आणि पिना वेगळ्या. म्हणून तो गेला तर कितीला मिळेल हे आधीच विचारून ठेवलं: १,८०० रुपये, दोन दिवसांत.

खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून मांडीवर घेऊन आलो. घाटात कंडक्टर विचारतो, “पोरगं झोपलंय काय?”

१५ जून

मॉनिटर कणकवलीतून नवा, साडेएकवीस इंची आयपीएस, ६,४००. मॉनिटर जुना घेऊ नये असं माझं मत. पाचेकशे रुपये वाचतात आणि पिवळा पडदा दहा वर्षं बघावा लागतो. कीबोर्ड-माउस ८५०.

जोडायला बसलो तर पीसीला मागे पडद्याच्या तारेसाठी व्हीजीए आणि दोन डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरला व्हीजीए आणि एचडीएमआय. परत कणकवली. एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला डिस्प्लेपोर्ट अशी केबल मिळाली, २५० रुपये. लावली, पडदा काळा. तासभर पीसीला शिव्या दिल्या.

चूक केबलची नव्हती, निवडीची होती. ही केबल एकाच दिशेने चालते. मी घेतली ती एचडीएमआयच्या मशीनकडून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे जाणारी. मला हवी उलटी. दोन्ही टोकं जुळतात म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही, वेष्टणावर कुठून कुठे हे वाचावं लागतं. बरोबर केबल मागवली, ४२०. तोवर जुन्या पीसीची व्हीजीए लावून काम चालू. अक्षरं थोडी पसरट दिसतात, पण दिसतात.

१८ जून

ही ओल्या पायांनी आली, कॅबिनेटवर हात ठेवला आणि किंचाळली. झिणझिण्या. मी चपला घालून हात लावला, काही नाही. चपला काढून लावला, मलाही. पीसी लगेच बंद केला, प्लग काढला.

वाटलं, कोल्हापूरवाल्याने फसवलं. फोन केला तर म्हणाला, “काका, तुमचं अर्थिंग बघा आधी.” राग आला, पण मल्टिमीटर आणला, ३८० रुपये. फेज ते न्यूट्रल २२८ व्होल्ट, ठीक. पीसी लावलेला असताना न्यूट्रल ते अर्थ: ११२.

वायरमनने सांगितलं ते असं. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला एक-एक बारीक कपॅसिटर असतो, गडबड गाळायला. त्यातून येणारा किरकोळ करंट अर्थिंगमधून जायचा असतो. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेट लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत बसतं. म्हणजे पीसी निर्दोष, घर दोषी. एकवीस वर्षं आम्ही तीन पिनांचे प्लग लावतो आहोत आणि तिसरी पिन शोभेची होती.

कोल्हापूरला परत फोन करून माफी मागितली.

२२ जून

घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला. तार खाऱ्या हवेने हिरवी पडून क्लॅम्पपाशी भुगा झालेली, हाताने तुटली. मुळात खड्डाही चुकीच्या जागी: नुसता जांभा, एप्रिल-मेमध्ये वाळून खडखडीत. तिथे अर्थिंग काय होणार!

नवा खड्डा न्हाणीचं पाणी जातं त्या माडाजवळ घेतला, तिथे बारा महिने ओल. पाइप, कोळसा, मीठ, नवी तार, जोडावर ग्रीस. मजुरीसकट २,७००. आता न्यूट्रल ते अर्थ ३ व्होल्ट. पुढच्या मेमध्ये परत मोजायचं, पावसात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं असतं.

हा खर्च कॉम्प्युटरच्या वहीत लिहू नको असं ही म्हणाली, घराच्या वहीत लिही. मी इथेच लिहिला. कॉम्प्युटर आला नसता तर खड्डा उकरला नसता.

२९ जून

वीज. पंधरा दिवसांत वहीत वीज गेल्याच्या ३१ खुणा, त्यातल्या बऱ्याच दोन-चार सेकंदांच्या. घरी पंखे-दिव्यांसाठी जुना इन्व्हर्टर आहे, स्क्वेअर वेव्हचा. वीज गेली की पंखा चालू राहतो, पीसी मात्र परत सुरू होतो. मागचं बटण यूपीएस मोडवर केलं, थोडं सुधारलं, पुरतं नाही.

६०० व्हीएचा यूपीएस आणला, ३,२००. तो इन्व्हर्टरच्याच लाइनवर लावला. वीज गेली आणि यूपीएस टिक-टिक-टिक करत बसला, दहा मिनिटांत स्वतःची बॅटरी संपवून मोकळा. त्याला इन्व्हर्टरची चौकोनी लहर वीज म्हणून मान्यच नाही. समोर वीज असून तो बॅटरीवर जातो. वायरमनकडून एक सॉकेट इन्व्हर्टर सोडून थेट लाइनवर घेतलं, यूपीएस तिथे लावला. आता वीज गेली की पीसी आणि मॉनिटर मिळून चाळीस मिनिटं निघतात. आठव्या पिढीचं मशीन वीज कमी खातं, त्याचा हा फायदा. प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही.

१३ जुलै

लॅपटॉप. चुलतभाऊ डोंबिवलीला असतो, त्याला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात पाठवला. मी व्हिडिओ कॉलवर. गोंगाटात निम्मं ऐकू येत नव्हतं.

त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, कोल्हापूरच्याच चाचण्या. दोन, पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट ही कमांड चालवून मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता हे दोन आकडे मला पाठव. दुकानदार ‘तीन तास बॅकअप’ म्हणतो त्यावर जाऊ नको. तीन, रॅमच्या खाचा किती ते विचार.

पहिल्याची बॅटरी मूळ क्षमतेच्या ३८ टक्के उरलेली. दुसरा दिसायला सुंदर, पातळ, रॅम पूर्ण बोर्डावर. मोठी फोनवरून “हाच, हाच” करत होती, नाही म्हटलं. दोन दिवस बोलली नाही. तिसरा जाडजूड, काळा, कोपऱ्यावर खरचटलेला: आय५-८३५०यू, ८ जीबी एका खाचेत, दुसरी खाच रिकामी, २५६ एसएसडी, बॅटरी ५४ टक्के. १७,५००. घेतला.

२० जुलै

चुलतभावाच्या ओळखीचे एक गृहस्थ तुतारी एक्सप्रेसने येत होते, त्यांच्या पिशवीतून लॅपटॉप कणकवली स्टेशनवर हातात मिळाला. पावसाळी वेळापत्रक, त्यात गाडी उशिरा. स्टेशनवर तीन चहा झाले.

२ ऑगस्ट

बॅटरीत परत हात पोळले. मॉडेलचं नाव टाकून नवी मागवली, आली ती बसेना. त्याच मॉडेलमध्ये दोन आकारांच्या बॅटऱ्या असतात, तीन सेलची आणि चार सेलची. आधी खालचं झाकण उघडून बॅटरीवरचा पार्ट नंबर वाचायचा आणि तोच मागवायचा. बदलून मिळाली, आठ दिवस गेले. २,६००.

झाकण उघडलंच होतं म्हणून ८ जीबी रॅमही बसवली, १,७००. स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथल्या तिथे ठेवले, तरी एकाची खाच मोडली. तो आता तसाच.

मोठी परवा रत्नागिरीला गेली, लॅपटॉप घेऊन. तो जाड आहे म्हणून मैत्रिणी हसल्या म्हणे. साडेपाच तास चालतो हे कळल्यावर चार्जर मागणाऱ्यांत त्याच आहेत की नाहीत ते अजून कळलेलं नाही.

१० ऑगस्ट

चार दिवस पाहुणे नव्हते, पीसी बंद होता. आज लावला तर पंख्याचा एरर देऊन थांबला. झाकण उघडलं, पंख्यात पाल. मेलेली. मागच्या एका खाचेवरची पट्टी जुन्या मालकाकडेच हरवली होती, तिथून आत शिरली. पाल काढली, पंखा पुसला, खाचेवर मच्छरजाळीचा तुकडा चिकटवला.

परत लावला तर आता पडदाच येईना. रॅम काढून तिच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, बसवली, सुरू. चारच दिवसांत दमट हवेने पट्ट्यांवर थर धरला होता. जपून ठेवलेलं मशीन आमच्याकडे पावसाळ्यात आधी मरतं. आता काम असो नसो, रोज तासभर चालू ठेवतो. स्वतःच्या उबेने सुकतं. वर कापड टाकायचं ते पूर्ण गार झाल्यावरच.

३१ ऑगस्ट

गणपतीला सगळे चाकरमानी आले. पाच दिवस पीसीवर मुलांची रांग. गेम, गाणी, आरतीचे व्हिडिओ. एकदाही अडला नाही. शेजारचे तात्या येऊन बघून गेले. “जुनो कित्याक घेतलंस? नवो घेवचो होतो.” मी काही बोललो नाही.

आज पाहुणे गेल्यावर हिशोब लावला. डेस्कटॉप १३,५०० आणि लॅपटॉप १७,५००, दोन्ही मिळून ३१,०००. मॉनिटर, कीबोर्ड-माउस ७,२५०. यूपीएस ३,२००, अर्थिंग २,७००. बॅटरी आणि रॅम ४,३००. दोन केबली ६७०, त्यातले २५० पाण्यात. मल्टिमीटर ३८०, परतीचं कुरियर ७८०, कणकवलीच्या खेपांचं पेट्रोल ५००. एकूण ५०,७८०. ठरल्यापेक्षा ५,७८० वर. ही म्हणाली, त्यात तुझी शीळ धरली नाहीस.

५ ऑक्टोबर

परतीचा पाऊस, रात्रभर गडगडाट. पहिल्या कडकडाटाला यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला. बटण बंद करणं पुरत नाही. राउटरचाही काढला. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरचा अ‍ॅडाप्टर भिंतीतच असतो आणि तिथून लॅन केबलने पीसीपर्यंत रस्ता आहे. वरच्या वाडीत एकाचा राउटर आणि टीव्ही दोन्ही गेले.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा आज शेवटचा दिवस. सकाळीच तात्या आले. त्यांना ऑनलाइन एक पीसी दिसला आहे: ‘आय५, १६ जीबी, ५१२ एसएसडी’, आठ हजार. पिढी लिहिलेली नाही. चहा होईपर्यंत विकणाऱ्याला फोन लावायला सांगितला, तिकडून उत्तर आलं, “सहावी, पण एकदम फास्ट.” तात्यांनी फोन ठेवला.

मग मल्टिमीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. जुना टीव्ही लावलेल्या बोर्डावर न्यूट्रल ते अर्थ ९४ व्होल्ट. तात्या म्हणाले, आधी वायरमनलाच बोलवूया. वायरमन दिवाळीनंतर येतो म्हणाला आहे.